बर्फाला स्वेटर

आमच्या उल्हास नदीला बर्फ ठाऊक नाही. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून ती निघते, कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापुरात आमच्या घरामागून जाते आणि पुढे कल्याणवरून खाडीला मिळते. सुमारे 122 किलोमीटरची ही सगळी वाट पावसाच्या पाण्याची. गंगेसारखं हिमाचं माहेर तिला नाही. हे मला नातीला सांगावं लागलं, कारण डोंगरावरचा बर्फ वितळून नद्या होतात असं ती कुठूनतरी शिकून आली होती. खिडकीतून नदीकडे बोट दाखवत तिने विचारलं, "आजी, हिचा बर्फ कुठेय?"

"हिला बर्फ नाही गं. हिचा नुसता पाऊस."

"मग आपल्याकडे बर्फ कुठून येतो?"

"फ्रिजमधून," धाकटा नातू म्हणाला.

तो साडेतीन वर्षांचा आहे आणि त्याचं म्हणणं खरंच आहे. आमच्या या पट्ट्यात, अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर कुठेही, बर्फ आपण होऊन होत नाही. तो करावा लागतो, नाहीतर विकत आणावा लागतो. वळिवाच्या पावसात एखाद्या वर्षी चार गारा पडतात, तेवढाच काय तो फुकटचा. आपल्या भाषेत थंड तेही गार आणि आभाळातून पडते तीही गार. मुलांना गार या शब्दाचा पहिला अर्थ चांगला कळतो, पण दुसरा त्यांनी हातात धरलेला नसतो. नातीच्या पाच वर्षांच्या आयुष्यात एकदाही गारा पडलेल्या नाहीत.

म्हणून मी त्यांना वैशाखातल्या एका दुपारी फ्रीझरमधल्या बर्फाचे खडे खेळायला दिले. तीन वाजले होते, पारा चाळिशीच्या पुढे, खाली अंगणात पाय ठेवता येत नव्हता. एकेकाला दोन वाट्या, वाटीत एकेक खडा. धाकट्यासाठी मात्र मी नेहमी मोठ्या डब्यात गोठवलेला गोळा काढते, तोंडात मावणार नाही असा. लहान मूल खडा चघळता चघळता गिळतं आणि तो घशात अडकतो. एवढी एक काळजी घेतली की बाकी सगळं त्यांच्यावर सोडता येतं.

नातीने थोडा वेळ खडा वाटीत गोल गोल फिरवला. मग उठली, कपाटातून तिचा लाल स्वेटर घेऊन आली. मीच विणलेला, मागच्या पौषात.

"याला घालू या."

"का गं?"

"म्हणजे हा लवकर वितळेल. स्वेटर गरम असतो ना."

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. सव्वीस वर्षं मी बालवाडीत शिकवलं. मूल चुकतंय असं दिसलं की जीभ आपोआप पुढे होते आणि तिला मागे ओढायला शिकण्यात त्यातली निम्मी वर्षं गेली. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला आणि मग 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, ते तेव्हाच्या आमच्याच ठाणे जिल्ह्यातलं. मॉंटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी आणि अनुताई वाघांनी वारली मुलांच्या हातात शिंपले, बिया, खडे, पानं दिली. आमच्या प्रशिक्षणात हे सगळं आलं होतं. पण तेव्हा मला त्यातलं साधन तेवढं दिसलं, म्हणजे शिंपले गोळा करायचे, बिया गोळा करायच्या. मुलाच्या हातात वस्तू दिल्यावर आपण किती वेळ गप्प बसायचं, हाच त्यातला मोठा भाग आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बर्फ तर असा की तो आपल्या घाईने वितळत नाही. त्याला अर्धा तास लागणार असेल तर लागतो. तेवढा वेळ मुलाला विचार करायला मिळतो, फक्त आपण तो बोलून भरून टाकता कामा नये.

मी म्हटलं, "बरं, घाल."

एक खडा स्वेटरमध्ये गुंडाळून वाटीत, दुसरा उघडा. दर दोन मिनिटांनी ती स्वेटर उलगडून बघायची. असं बघितल्याने बाहेरची हवा आत जाते, हेही मी बोलले नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उघड्या वाटीत पाणी आणि त्यावर नखाएवढी चकती राहिली होती. तिने स्वेटर उलगडला. खडा होता तसा होता, कोपरे तेवढे गोल झाले होते.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "स्वेटर बिघडलाय."

या वाक्यावर मी हसले नाही याचं मला आजही समाधान आहे. कारण ते चांगलं, विचार केलेलं वाक्य होतं. अपेक्षेप्रमाणे झालं नाही, तर आधी साधन तपासावं. दुसऱ्या दिवशी तिने माझी शाल आणली, तिसऱ्या दिवशी बाबाचा मफलर. दोन्ही बिघडलेले निघाले. चौथ्या दिवशी बर्फ न घेताच तिने स्वेटर रिकाम्या वाटीवर पांघरला, थोड्या वेळाने आत हात घालून पाहिलं, वाटी गालाला लावून पाहिली. काही बोलली नाही. रात्री जेवताना, भाताचा घास हातात तसाच ठेवून म्हणाली, "आजी, स्वेटर गरम नसतो. मी गरम असते."

तिचा बाबा मोबाइलमधून वर बघून म्हणाला, "काय?" त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि तिनेच सांगितलं.

लोकर ऊब तयार करत नाही. तिच्या तंतूंमध्ये हवा अडकून पडते, आणि अडकलेली हवा आतली उष्णता बाहेर आणि बाहेरची आत सहज जाऊ देत नाही. आत माणूस असेल तर तो उबदार राहतो, बर्फ असेल तर तो बर्फ राहतो. हे मला पाठ होतं, वर्षानुवर्षं. तिने मात्र ते चार दिवसांत स्वतः मिळवलं होतं.

ते ऐकताना मला अंबरनाथचं आमचं जुनं घर आठवलं. मोठ्या बहिणीच्या लग्नाला उल्हासनगरातून बर्फाची लादी आली होती. हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेली, आत लाकडाचा भुसा. गोणपाट सोडलं की भुश्याचा आणि ओल्या तागाचा वास यायचा आणि त्यामागून पांढरा धूर निघाल्यासारखा गारवा. भुसा पाण्याने धुऊन काढायचा, लोखंडी टोच्याने ठोकून तुकडे करायचे. आम्ही मुलं खाली उडालेले कपचे वेचायला टपलेलो. इतक्या उन्हात ही लादी उल्हासनगरच्या बाजूने इथवर वितळल्याशिवाय कशी येते, हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही. गोणपाट बांधणाऱ्या हातगाडीवाल्याला मात्र ते ठाऊक होतं.

अशाच भुश्याच्या जोरावर 1833 साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांवरचा गोठलेला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. निघताना सुमारे 180 टन, चार महिन्यांनी विषुववृत्त दोनदा ओलांडून पोहोचला तेव्हा सुमारे 100 टन उरलेला. थोड्याच काळात मुंबईतही तसा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला बर्फाचं घर बांधलं गेलं. समुद्रावर चार महिने, उन्हातलं जहाज, आणि तरी निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत. नातीला मी ही गोष्ट जगाच्या नकाशावर बोट फिरवत सांगितली. तिला एकच शंका होती: "त्यांच्याकडे एवढे मोठे स्वेटर होते?"

"भुसा होता."

"भुश्यात हवा अडकते?"

हे तिने विचारलं तेव्हा मी सांगितलेली सगळी गोष्ट मला तिच्याकडून परत मिळाल्यासारखं झालं.

लादी कशी करतात हेही मग आलंच. कारखान्यात मिठाच्या पाण्याचा हौद असतो. अमोनियाच्या यंत्राने ते पाणी शून्याच्या बरंच खाली नेतात, पण मिठामुळे ते गोठत नाही. त्यात साध्या पाण्याने भरलेले उंच पत्र्याचे डबे उभे करतात. डब्यातलं पाणी कडेकडून आत गोठत येतं आणि त्यात विरघळलेली हवा मधे मधे ढकलली जाते. म्हणून लादीचं पोट पांढरं दिसतं आणि कडा काचेसारख्या. आमच्या फ्रीझरमधल्या खड्याच्या पोटातही तो पांढरा ढग असतो. धाकटा त्याला 'आतला भात' म्हणतो.

मिठाची ही करामत माझ्या पिढीला आइस्क्रीमच्या लाकडी पॉटमुळे माहीत. बर्फ आणि जाडं मीठ थरावर थर, मधे दुधाचा डबा, आणि आम्ही पोरं आळीपाळीने दांडा फिरवणार. बर्फ-मिठाचं मिश्रण नीट जमलं तर उणे 21 अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं. एवढी थंडी कातडीला चटका देते, म्हणून मीठ-बर्फ मुलांच्या हातात मी कधी देत नाही. वाटीला बाहेरून बोटाचं टोक लावून लगेच काढायचं, एवढंच.

पण मीठ वाटीत टाकताना नात म्हणाली, "मीठ वितळलं," आणि मी तिला थांबवलं. चुकीच्या तर्कावर मी गप्प बसते, पण शब्द हरवायला लागला की मला राहवत नाही. बर्फ वितळतो, मीठ विरघळतं. वितळायला नुसती उष्णता लागते, विरघळायला दुसरं कुणीतरी लागतं, ज्याच्यात मिसळून जायचं ते. आता सगळेच 'बर्फ विरघळला' म्हणतात, वर्तमानपत्रंही. उलट वाटेलाही आपल्याकडे दोन शब्द आहेत. पाणी गोठतं, पण तूप आणि खोबरेल थिजतं. खोबरेल पंचविशीच्या जरा खाली पारा गेला की थिजायला लागतं. बदलापूरच्या थंडीत सकाळी बाटली उपडी केली तर थेंब पडत नाही, मुंबईच्या बहिणीकडे त्याच दिवशी ते पातळ असतं. आमच्याकडची थंडी मोजायला मुलांना दुसरं यंत्र लागत नाही. शब्दांवरून आठवलं, उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात मी नोकरी केली तिथल्या शेजारीणबाई सिंधी. थंडला त्या 'थधो' म्हणत. श्रावणात त्यांची थदडी असते, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार अन्न खायचं. आपली शिळासप्तमी तशीच. 1947 नंतर सिंध सोडून लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत आलेल्या या लोकांनी, 8 ऑगस्ट 1949 ला जिचं नाव उल्हासनगर झालं त्या वसाहतीत, पत्र्याखालच्या उन्हाळ्यात आपला गारव्याचा सण टिकवून ठेवला. त्या बाईंच्या हातची थाधल, बडीशेप, खसखस, वेलची वाटून केलेली, मला अजून आठवते. त्यांच्या घरी तेव्हा फ्रिज नव्हता. माठ होता आणि तो पुरत असे.

थंडीतला एक खेळ उन्हाळ्यात जमत नाही, त्यासाठी पौषातली सकाळ लागते. लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट रात्रभर ओट्यावर शेजारी ठेवायचे. सकाळी मुलांना विचारायचं, कुठलं गार? दोघंही तव्यावर हात ठेवतात. मग बर्फ कुठे लवकर वितळेल? "पोळपाटावर," नात म्हणाली, न अडखळता. दोन्हीकडे एकेक खडा ठेवला. तव्यावरचा बघता बघता पसरला, पोळपाटावरचा बसून राहिला. तवा थंड नव्हताच. दोन्ही एकाच ओट्यावर, एकाच हवेत रात्रभर होते. तवा हातातली उष्णता चटकन ओढून घेतो म्हणून तो गार भासतो, आणि तेवढ्याच चटकन बर्फाला देऊन टाकतो. आपला हात थंडी मोजत नाही, आपली उष्णता किती भराभर जातेय ते मोजतो. चैत्रात ओट्याजवळची हवाच हाताइतकी गरम असते, मग तवा गार लागतच नाही आणि सगळी गंमत जाते.

हे सांगून तिला फारसं पटलं नव्हतं. मग फाल्गुनात अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं, शिलाहारांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ. बाहेर फरशीवर पाय भाजत होते, दोघं टाचा उचलून पळाले. मंडपातून गर्भगृहात जायला पायऱ्या उतरून जमिनीच्या खाली जावं लागतं. दरेक पायरीला तळव्यांना जास्त गार लागत जातं. शेवटच्या पायरीवर नात उभी राहिली आणि पायांकडे बघत म्हणाली, "आजी, हा दगड माझं गरम घेतोय." मागे रांग होती, पुढे सरका म्हणून कुणीतरी सांगत होतं. मी तिला दोन क्षण तसंच उभं राहू दिलं.

धाकट्याचं विज्ञान जिभेवर चालतं. कोकम सरबताच्या पेल्यात बर्फ घातला, पेल्याला बाहेरून थेंब आले. नात म्हणाली पेला गळतो. मी म्हटलं, बघ बरं. ती पेला वर धरून भोक शोधत बसली. धाकट्याने थेंब चाटला आणि जाहीर केलं, "गोड नाहीये." लालही नव्हता. ते सरबत नव्हतंच. आमच्या स्वयंपाकघरातल्या दमट हवेत जे पाणी दिसत नव्हतं, ते गार पेल्यावर येऊन बसलं होतं.

एकदा मी स्वतः साफ चुकले. बिटाचा रस घालून लाल खडे केले होते. दोन काचेचे पेले, एकात साधं पाणी, दुसऱ्यात चार चमचे मीठ विरघळवलेलं. पॉटच्या आठवणीने मी ठामपणे म्हटलं, मिठातला आधी संपेल. झालं उलट. साध्या पाण्यातला खडा लवकर गेला, खारट पाण्यातला कितीतरी वेळ तरंगत राहिला. नात काचेला नाक लावून बसली होती. "याच्यातलं लाल खाली जातंय. त्याच्यातलं वरच बसलंय." साध्या पाण्यात वितळलेलं गार पाणी जड म्हणून तळाला जात होतं, त्याच्या जागी पेल्यातलं कोमट पाणी खड्याशी येत होतं. खारट पाणी मुळातच जड, त्यामुळे वितळलेलं पाणी वरच साचून खड्याभोवती राहिलं.

"याने स्वेटर घातलाय," ती म्हणाली. मी वही काढून तारीख घालून ते लिहून ठेवलं.

अशा वेळी मला एक गोष्ट आठवते. 1963 साली आजच्या टांझानियात एरास्टो म्पेंबा नावाच्या शाळकरी मुलाला आइस्क्रीम करताना गरम मिश्रण गारपेक्षा आधी गोठलेलं दिसलं. त्याने वर्गात विचारलं तर थट्टा झाली. पुढे शाळेत आलेल्या डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांना त्याने तोच प्रश्न विचारला. त्यांनी तो प्रयोग करून पाहिला आणि 1969 साली दोघांच्या नावाने तो छापून आला. असं होतं का आणि होत असेल तर का, यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद चालू आहे. आमच्या फ्रीझरमध्ये दोन वाट्या ठेवून आम्हीही पाहिलं. एकदा एक जिंकली, एकदा दुसरी.

या सगळ्या खेळांना आमच्या घरी एक नियम आहे. खेळायचं पाणी ठरलेलं, एक डबा. तेच गोठवायचं, तेच वितळवायचं, मीठ किंवा रंग पडला तर मोरीत, नाहीतर परत फ्रीझरमध्ये. इथे पाणी वेळापत्रकाने येतं आणि कधी वेळापत्रकानेही येत नाही. डब्यावर नातीने पेनाने रेघ मारली आहे. गोठल्यावर बर्फ रेघेच्या वर येतो, पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं म्हणून. वितळलं की पुन्हा बरोबर रेघेवर. पहिल्यांदा तिला वाटलं होतं मी मधे पाणी काढून घेते. मग ती फ्रिजसमोर पहारा देत बसली.

तिला त्या पाण्याबद्दल माया आहे, भीतीही आहे. 27 जुलै 2019 ला आमच्या बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर माणसं बोटींनी बाहेर काढली, त्या दिवशी आमच्या तळमजल्यातही नदी होती. ती तेव्हा जन्मली नव्हती. पण भिंतीवरचा पाण्याचा तपकिरी डाग तिने पाहिलाय, त्याच्याखाली उभी राहून आपली उंची मोजलीय. डाग तिच्या डोक्याच्या वर आहे. डब्यातलं पाणी आणि ते पाणी एकच का, असं तिने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. त्याहून जास्त मला सांगता आलं नाही.

ज्येष्ठात, पाऊस टेकायच्या आधीच्या एका संध्याकाळी, वीज गेली. तास झाला, दोन झाले. पंखा बंद, हवा हलत नव्हती, नदीकडून ढगांचा गडगडाट ऐकू येत होता, पण थेंब नव्हता. नात एकदम म्हणाली, "आपला डबा!" अंधारात चाचपडत तिने फ्रीझर उघडला, डबा काढला, पटकन दार लावलं. मग स्वेटर, शाल, मफलर, माझी जुनी गोधडी, सगळं एकावर एक गुंडाळून तिने ते गाठोडं जमिनीवर मधे ठेवलं. आम्ही भोवती बसलो. मेणबत्ती संपत आली होती. थोड्या थोड्या वेळाने ती एका बाजूने बोट आत सारायची.

"आहे?" मी विचारायची.

"आहे."

धाकटा पेंगुळला होता. तो सरकत सरकत गाठोड्याजवळ आला आणि दोन्ही हातांनी त्याला मिठी मारून त्याच्यावर गाल टेकला. नातीने त्याचा खांदा धरून त्याला हळूच मागे ओढलं.

"लांब बस," ती म्हणाली. "तू गरम आहेस."